त्रिशलाअक्काचा नवलांक

पडद्यावर आकडा उमटला आणि शिरगुप्पे सर चक्क खुर्चीतून उठून उभे राहिले. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या चाचणी केंद्राचे ते प्रमुख. सहा वर्षांत त्यांनी हजारो डोक्यांना पट्टा बांधला होता, पण कुणाच्या आकड्यासाठी उठून उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

“सहा!” ते म्हणाले. “मगदूम मॅडम, तुमचा नवलांक सहा आलाय!”

त्रिशला मगदूमनं नुसती मान हलवली. तिची भुवईसुद्धा जागची हलली नाही. पट्टा काढून तिनं केस सारखे केले, पर्स उचलली आणि विचारलं, “म्हणजे एमबीए करायला नको?”

“काय करणार करून? चौऱ्याण्णव टक्के अभ्यासक्रम तुम्हाला आधीच येतोय. तिथं तुम्ही शिकवायला पाहिजे, मॅडम!”

आता नवलांक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच उभी राहिली.

आपला मेंदू कधी रिकामा बसत नाही. पुढच्या क्षणी काय घडणार याचे अंदाज तो सतत बांधत असतो. जिना संपला म्हणून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, की काळजात धस्स होतं ना, तो अंदाज चुकल्याचा धक्का. असा धक्का बसला की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते, डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते, बोटांना जाणवणार नाही इतका घाम सुटतो. पुण्याच्या डॉ. इरावती बेडेकर यांनी या तिन्ही खुणा एकदम टिपणारा पट्टा तयार केला आणि त्याला नाव दिलं नवलमापक. त्यांची कल्पना एका ओळीत मावेल अशी होती: जे आपल्याला ठाऊक आहे, त्याचं नवल वाटत नाही. मग अभ्यासक्रमातले बाराशे प्रसंग निवडायचे. एक प्रसंग सांगायचा, दोन क्षण थांबायचं आणि मग त्याचा निकाल सांगायचा. त्या दोन क्षणांत मेंदू आपोआप पैज लावतो. निकाल ऐकून किती वेळा नवल वाटलं ते मोजायचं, की झाला नवलांक. साठ-सत्तर आला तर त्या पदवीत तुमच्यासाठी भरपूर काही आहे, खुशाल घ्या. दहा-पंधरा आला तर घरी बसा, जे शिकवणार ते तुमच्याकडे आहेच.

आणि खरं सांगायचं तर या पट्ट्यानं लोकांचं भलंच केलं. त्याआधीची वीस वर्षं घरबसल्या एमबीए करावं की नाही यावरून घराघरांत वाद झाले होते. जाहिराती काय, सवलती काय, फोनवर मागे लागणारे समुपदेशक काय! नोकरी सांभाळून, पोरं झोपवून, डोळे चोळत माणसं ती पदवी घ्यायची आणि शेवटी कळायचं की यातलं निम्मं आपण ऑफिसात रोज करतच होतो. नवलमापक आला आणि तासाभरात स्वच्छ उत्तर मिळू लागलं. भंपक अभ्यासक्रमांची दुकानं दोन वर्षांत बंद पडली. चांगल्या विद्यापीठांनी नियमच केला की आधीची पदवी नसली तरी चालेल, पण वीसच्या खाली नवलांक असेल तर प्रवेश नाही.

पण माणूस तो माणूसच. हळूहळू कमी नवलांकाचा तोरा सुरू झाला. लग्नाच्या बायोडेटात उंची, पगार आणि नवलांक एका ओळीत येऊ लागले. ‘मुलाचा नवलांक अकरा’ म्हटलं की मुलीकडचे सरसावून बसायचे. ज्यांचा सत्तर यायचा ते बिचारे गुपचूप प्रवेश घ्यायचे आणि नातेवाइकांना सांगायचे की आम्ही चाचणीच दिली नाही. शिकण्यासारखं काही उरलेलं नसणं हीच मोठी पदवी होऊन बसली. अशा २०४१ सालात त्रिशलाचा नवलांक सहा आला होता.

तिला चाचणीची गरज पडली ती कृष्णाकाठच्या अकराशे हळद उत्पादकांमुळे. त्यांनी मिळून कंपनी काढली होती आणि आपली हळद आपणच परदेशी पाठवायची असं ठरवलं होतं. कारभार बघायला माणूस हवा होता. अध्यक्ष बाळगोंडा पाटील, म्हणजे सगळ्यांचे बाळूअण्णा, सरळ त्रिशलाच्या अडतीवर आले आणि म्हणाले, “अक्का, तुम्हीच पाहिजे.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. बेचाळीस वर्षांची त्रिशला पेठेतली एकमेव अडतवाली बाई. वडील भूपाल मगदूम, सगळ्या पेठेचे आप्पा, यांच्या हाताखाली वयाच्या विसाव्या वर्षापासून ती घडली होती. तिनं लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल बोलणारे बोलून बोलून दमले होते. हळकुंड मोडून आतला रंग बघितला की कुठल्या गावची माती, शिजवताना किती घाई केली, पॉलिश कुणाच्या ड्रममध्ये झालं, इतकं ती सांगायची. तिचा शब्द म्हणजे शब्द. गेल्या दहा वर्षांत तिच्या वजनाबद्दल किंवा भावाबद्दल एकाही शेतकऱ्यानं तक्रार केली नव्हती, आणि पेठेत हे सोपं नाही.

पण तीच बाळूअण्णांना म्हणाली होती, “परदेशी व्यापार मला नवा आहे. एमबीए करावं का, ते आधी बघते. उगीच अकराशे घरं माझ्या भरवशावर नकोत.”

आता सहा आकडा आल्यावर बाळूअण्णांनी पेढे वाटले. रविवारी सत्कार ठरला. स्थानिक वाहिनीवर बातमी झळकली. पेठेतले व्यापारी, जे एरवी तिच्याशी भावावरून तोंड वाजवायचे, तेही तोंडात बोटं घालून बघायला लागले. त्रिशलालाही बरं वाटलं. का वाटू नये? कॉलेज अर्धवट सुटलेलं तिच्या मनात फार वर्षं सलत होतं. त्या सलाला कुणीतरी यंत्र लावून सांगितलं की तुझं काही राहिलेलं नाही. त्या दिवशी घरी जाताना तिनं आप्पांसाठी खवा-जिलेबी घेतली आणि स्वतःसाठीही घेतली.

मंगळवारी जर्मनीच्या मसाला कंपनीचा करार आला.

चाळीस पानं होती. मराठी भाषांतर सोबत होतं, ते त्रिशलानं अडतीच्या गादीवर बसून आप्पांना वाचून दाखवायला घेतलं. आप्पांचं वय चौऱ्याहत्तर. डोळे अधू झाले होते, पण कान आणि डोकं जागच्या जागी. चौदाव्या कलमाशी ते म्हणाले, “थांब. परत वाच.”

तिनं वाचलं. पहिल्या खेपेला चारशे टन, ठरल्या दरानं. पुढच्या नऊ महिन्यांत आणखी चारशे टन त्याच दरानं घ्यायचा खरेदीदाराला हक्क. घ्यायलाच हवेत असं बंधन नाही.

“म्हंजे भाव चढला तर तो जुन्या दरानं नेणार, आणि पडला तर फिरकणारसुदिक न्हाई,” आप्पा म्हणाले. “लबाड हाय की!”

“ते मला दिसलं, आप्पा. मी सकाळीच त्यांच्या बाईंशी बोलले.”

“मग?”

त्रिशलानं कागद खाली ठेवला. “त्या म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, हा हक्क फुकट नसतो. तुम्हीच सांगा, त्याचे किती द्यायचे? पुढच्या गुरुवारपर्यंत आकडा कळवा.”

“सांग की मग.”

“काय सांगू?”

आप्पांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले होते.

हळदीची किंमत तिला अंगठ्यानं कळायची. पण नुसत्या एका हक्काची किंमत? जो वापरला जाईल की नाही हेही माहीत नाही, त्याची? कमी सांगितली तर शेतकऱ्यांचं नुकसान, जास्त सांगितली तर सौदाच फिसकटणार. काहीतरी रीत असणार याची, तिला वाटलं. आणि मग तिला आठवलं, अशी रीत असते हे तिनं ऐकलं होतं. चाचणीत ऐकलं होतं! पट्टा बांधलेला असताना अगदी याच तऱ्हेचे दहा-बारा प्रसंग तिच्या कानावर पडले होते. निकालही ऐकले होते. तेव्हा तिला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

तिनं चाचणीचा अहवाल उघडला. प्रकरण एकोणीस, पुढच्या काळातल्या हक्कांचं मूल्यमापन. समोर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: संपूर्ण ज्ञात.

“आप्पा,” ती म्हणाली, “यंत्र चुकलंय.”

“मग गप ऱ्हा की. चांगलं चुकलंय.”

“नाही आप्पा. सहा घेऊन मी कंपनीच्या गादीवर बसले आणि असं प्रत्येक कागदाशी अडले, तर? दरवेळी तुम्ही थोडेच असणार सोबत?” तिनं अहवाल मिटला. “आणि आता मला शिकायचं म्हटलं तरी शिकता येणार नाही. वीसच्या खाली कुणी दारात उभं करत नाही. प्रवेश सोमवारी बंद होतायत.”

तिनं त्याच दुपारी पुण्याला फोन लावला. डॉ. बेडेकर सहसा अशा फोनना उत्तर देत नसत. नवलांक जास्त आला म्हणून भांडणारे त्यांना रोज भेटायचे. कमी आला म्हणून तक्रार करणारी बाई पहिलीच होती. त्यांनी त्रिशलाच्या चाचणीच्या मूळ रेषा मागवल्या, त्या पाहिल्या आणि शनिवारी सकाळी स्वतः गाडी काढून सांगलीला आल्या.

पन्नाशीच्या, सुती साडी, पायात बूट, डोक्यावर बॉयकट. अडतीतल्या पोत्यांमधून वाट काढत आल्या आणि टेकायच्या आधीच बोलायला लागल्या. “त्रिशलाताई, चाचणीच्या सुरुवातीला आम्ही प्रत्येकाला वीस अचाट वाक्यं ऐकवतो. गाय झाडावर अंडी घालते, असली. त्यावर प्रत्येकाच्या मेंदूत मोठी लाट येतेच. तिच्यावरूनच यंत्र त्या माणसापुरतं जुळवून घेतं. तुमच्या रेषेवर लाटच नाही! केंद्रातल्या सरांना वाटलं पट्टा सैल बसलाय, म्हणून त्यांनी तुमच्या जागी सरासरी माणसाचे आकडे भरले आणि पुढे गेले. त्यांचं मी बघते नंतर. पण मला आधी हे सांगा, गाय अंडी घालते म्हटल्यावर तुम्हाला काहीच कसं झालं नाही?”

त्रिशला हसली. “घालत असेल, म्हटलं.”

“अहो, पण असं कसं?”

“तिला तसंच शिकवलंय,” आप्पा गादीवरून म्हणाले. “मी.”

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी पेठेत सौदे रुमालाखाली व्हायचे. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एकात एक, वर रुमाल, आणि बोटं धरून, दाबून भाव सांगायचा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच. पुढे उघडे लिलाव आले, पडद्यावरचे लिलाव आले, तरी जुने व्यापारी आपसात माल फिरवताना रुमाल टाकायचेच. या सौद्यात चेहरा लपवून भागत नाही. आकडा ऐकून बोट कणभर जरी दचकलं तरी समोरच्याला कळतं की याला इतक्या भावाची अपेक्षा नव्हती. झालं, तिथंच सौदा हातचा जातो.

“हिला रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी अर्धा तास बसवायचो. वाट्टेल ते आकडे हाणायचो बोटावर. दचकली की म्हणायचो, गेलं एक पोतं. पयल्या वर्षी हजारभर पोती घालवली असतील हिनं!” आप्पा खुशीत हसले. “मग एक दिवस सांगितलं, बाई, दचकायचं दाबू नको, दाबलेलंबी कळतं. तू कशाची वाटच बघू नको. कुठलाबी आकडा येऊ दे, तो येणारच हुता असं धर. दोन वर्षांनी जमलं. त्यानंतर पेठेत कुणाला हिचा हात वाचता आला न्हाई.”

डॉ. बेडेकर आता कुठं पोत्यावर टेकल्या.

“पैज,” त्या म्हणाल्या. “माझं सगळं यंत्र मेंदूच्या पैजेवर उभं आहे. निकालाच्या आधी मेंदू पैज लावतो, हरला की लाट उठते. तुमचा मेंदू पैजच लावत नाही, त्रिशलाताई. न लावलेली पैज हरणार कशी? आम्ही प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांना तपासलंय, इतकी सपाट रेषा त्यांचीही नव्हती. आणि तुम्हा दोघांनी हे एका रुमालाखाली केलं!” त्यांच्या आवाजात चिडणं अजिबात नव्हतं. स्वतःच्या यंत्राला हरवणारं माणूस सापडल्याचा आनंद होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

“पण मला येतं किती आणि येत नाही किती, ते कसं कळणार?” त्रिशलानं विचारलं.

“माझ्या पट्ट्याला नाही कळणार. तुमच्यापुढं तो आंधळा आहे.”

आप्पा खाकरले. “मला कळंल.”

दोघींनी त्यांच्याकडे बघितलं. आप्पा जरा ओशाळल्यासारखे झाले, मग म्हणाले, “हिची करंगळी. काय कळलं न्हाई की ती क्षणभर सैल पडते. दचकत न्हाई, नुसती सैल पडते.”

“बावीस वर्षं हे तुम्हाला ठाऊक होतं?” त्रिशलानं विचारलं. “आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तीबी घट्ट केली असतीस. मग माझी लेक कधी अडली हे मला कसं कळलं असतं?”

त्रिशलानं उगीच पोत्याच्या शिवणीकडे बघितलं आणि डोळे पुसले.

चाळीस प्रसंग निवडले. त्रिशलाच्या डोक्याला पट्टा बांधला, तिचा उजवा हात आप्पांच्या हातात, वर आप्पांचा धुतलेला पांढरा रुमाल. डॉ. बेडेकर प्रसंग वाचायच्या, थांबायच्या, निकाल वाचायच्या. आप्पा डोळे मिटून बसलेले. करंगळी सैल पडली की ते डाव्या हातानं मांडीवर थाप मारायचे आणि डॉक्टरबाई खूण करायच्या. माल कसा साठवावा, माणसं कशी सांभाळावी, उधारी कुणाला द्यावी, या प्रसंगांना थाप पडली नाही. चलनाचे चढउतार, दूरचे करार, हक्काच्या किमती आल्या की थापेवर थाप. चाळीसात एकोणतीस.

मग डॉ. बेडेकरांनी एक गंमत केली. आप्पांनी खूण केलेल्या एकोणतीस जागांच्या मेंदूच्या रेषा त्यांनी संगणकात एकावर एक ठेवल्या. एकेकट्या रेषेत काही दिसत नव्हतं, पण एकोणतीस एकत्र आल्यावर गोंधळ आपोआप पुसला गेला आणि मधोमध, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यावर, एक छोटीशी लाट वर आली. उरलेल्या अकरांत ती नव्हती. एवढी बारीक लाट की तिच्याकडे कुणी बघितलंही नसतं.

“आप्पा,” बाई म्हणाल्या, “ही लाट दिसायला मला एकोणतीस रेषा लागल्या. तुम्हाला एकेका वेळी एक करंगळी पुरली.” आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

आप्पा गडबडले. “अहो बाई, कशाला, कशाला! चहा घ्या आधी.”

नवा नवलांक निघाला बहात्तर. डॉ. बेडेकरांनी तो सहीनिशी लिहून दिला आणि विद्यापीठालाही कळवला. “पण दुरुस्त केलेला आकडा जाहीर करावाच लागतो,” त्या निघताना म्हणाल्या. “तुमच्या लोकांना तो सोमवारी दिसेलच.”

“सोमवारी कशाला,” त्रिशला म्हणाली, “उद्याच सत्कार आहे.”

रविवारी सभागृह भरून वाहत होतं. व्यासपीठावर फुलांत केवढा मोठा सहाचा आकडा उभा केला होता. बाळूअण्णांना त्रिशलानं पंधरा मिनिटं आधी बाजूला घेऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

“अक्का, तुमच्या पाया पडतो, आज बोलू नका. आकड्यावर लोकांचा विश्वास बसलाय. बहात्तर म्हटल्यावर समोरची मंडळी म्हणतील, हिला काहीच येत नाही. तुमची नेमणूकसुद्धा व्हायची नाही.”

“नाही तर नाही, अण्णा.”

“अहो, बावीस वर्षांत कमावलंय तुम्ही हे नाव!”

“म्हणून तर.”

ती माइकपाशी गेली. हार घालायला पुढं आलेल्यांना तिनं हातानंच थांबवलं. बघणाऱ्याला नेहमीचीच त्रिशलाअक्का दिसत होती, शांत, ताठ. आज पहिल्यांदा तिला त्या चेहऱ्याचा राग आला. लोकांना कसं कळणार की मला भीती वाटतेय, तिच्या मनात आलं. मग तिनं तेच आधी सांगून टाकलं.

“मला आज भीती वाटतेय,” ती म्हणाली. “हा मागचा आकडा खोटा आहे. यंत्राला माझा हात वाचता आला नाही, म्हणून तो आला. खरा आकडा बहात्तर. हळद मला कळते. तुम्ही कळता. पण समुद्रापलीकडचा व्यापार मला कळत नाही, आणि गेले काही दिवस मी तो कळतो असं दाखवत फिरले. एका कलमाची किंमत जर्मनीची बाई मला विचारतेय आणि मला ती काढता येत नाही. शिकले तर येईल. दोन वर्षं लागतील. थांबायचं की दुसरा माणूस बघायचा, हे तुम्ही ठरवा.”

सभागृहात कुजबुज उठली. पुढच्या रांगेतला एकजण उघडच म्हणाला, “मग आमाला कशाला फसवलं?” दुसरा म्हणाला की शहरातून दहाच्या आतला माणूस आणू. बाळूअण्णा रुमालानं मान पुसत होते.

मागून एक बाई उठली. शालन कांबळे, दोन एकरवाली, कसबे डिग्रजची. “अक्का, त्या जर्मनवालीला काय सांगनार गुरुवारी?”

“ते कलम काढा म्हणून सांगणार. ज्याची किंमत मला काढता येत नाही ते मी विकणार नाही. त्यांनी माल कमी घेतला तरी चालेल.”

“आनि तुमी न सांगता गप बसला असता तर आमाला कळलं असतं?”

“नाही. बरीच वर्षं नसतं कळलं.”

“मग माझं मत हिलाच,” शालन म्हणाली आणि खाली बसली.

सगळे काही तिच्यासारखे नव्हते. रीतसर मतदान घ्यावं लागलं. सहाशे चौदा विरुद्ध तीनशे एक्क्याण्णव, अशी त्रिशला निवडून आली. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यातली पुष्कळ तिची जुनी गिऱ्हाइकं होती, आणि ते तिला लागलं. व्यासपीठावरचा सहा आकडा कुणीतरी उचलून आत नेला. जर्मनीच्या बाईंनी गुरुवारी कलम काढलं, पण चारशेऐवजी अडीचशे टनच घेतले. नुकसान झालंच थोडं. पण तेवढ्या मालातलं एक एक हळकुंड कुठं आणि काय भावानं जाणार हे अकराशे घरांना नीट माहीत होतं.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तिचा प्रवेश झाला होता, आणि पंधरा दिवसांनी एका सकाळी वर्ग सुरू झाला. अडतीच्या मागच्या खोलीत टेबलावर पडदा, शेजारी वही, आणि बाजूच्या खुर्चीत आप्पा, कारण त्यांना बघायचं होतं की हे लोक शिकवतात तरी काय. पडद्यावर साठ चौकटींत साठ चेहरे. पुणे, नांदेड, रायपूर, एक तर थेट नैरोबीतून. बहुतेकांनी आपला नवलांक झाकून ठेवला होता. त्रिशलाच्या नावापुढं बहात्तर स्पष्ट दिसत होता, दिसणाऱ्या आकड्यांत सगळ्यात मोठा.

सर तरुण होते, भराभर बोलायचे. आज हातात येणारं आणि वर्षानं हातात येणारं यांची तुलना कशी करायची, ते त्यांनी सुरू केलं. एक सूत्र आलं, त्यातून दुसरं आलं, आलेख आला. साठही चेहरे माना डोलावत होते. त्रिशलाही डोलवायला लागली. चेहरा शांत, नजर स्थिर, सगळं येतंय असं. तिसऱ्या आलेखापर्यंत ती तशीच बसली. या चेहऱ्यानं तिला सगळं दिलं होतं, पेठेतली जागा, नाव, मान. आणि आता तोच तिला इथं काही शिकू देणार नव्हता. काढायचा कसा तो? तिला खरंच ठाऊक नव्हतं.

तिनं माइक सुरू केला.

“सर,” ती म्हणाली. “मला हे कळलं नाही.”

साठ माना डोलायच्या थांबल्या.

“मलाबी न्हाई,” शेजारून आप्पा मोठ्यानं म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग रायपूरच्या चौकटीतून एक हात वर झाला, मग नैरोबीचा, मग आणखी कितीतरी. सर क्षणभर गोंधळले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर मोकळं हसू आलं. त्यांनी आलेख पुसून टाकला.

“कुठपासून सांगू, मॅडम?”

त्रिशलानं वहीचं कोरं पान उघडलं.

“पहिल्यापासून,” ती म्हणाली.